पानशेत ते कंटेनर : रंगीत तालमीचा इतिहास

१/ १२ जुलै १९६१. अंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण सकाळी फुटले. लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पानशेतचे काम अजून पुरे व्हायचे होते. जलाशय प्रथमच भरत होता.

२/ दोष पाणी सोडणाऱ्या विमोचकात होता. त्याच्या कमानीत लोखंडी सळ्या नव्हत्या आणि दरवाजे हलवणारी यंत्रणा अपुरी होती. अर्धवट उघड्या दारांतून धावणाऱ्या पाण्याने विमोचक हादरला, ढासळला आणि वरचा भराव खचला. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत राहिले, पण खचणे थांबले नाही.

३/ धरणाला तालमीसाठी दुसरी दरी नसते. खडकवासल्याच्या जल व विद्युत संशोधन केंद्रात (स्थापना १९१६) प्रतिकृतींवर प्रयोग होतात. परंतु प्रतिकृती लहान असते, खरा भार खऱ्या जागीच पडतो.

४/ संगणकप्रणालीची अवस्थाही बराच काळ अशीच होती. प्रोग्रामरच्या यंत्रावर भाषेची एक आवृत्ती, सर्व्हरवर दुसरी. डेटाबेस वेगळा, लायब्ररी वेगळ्या. ‘माझ्याकडे तर चालते’ या उत्तराचे मूळ या तफावतीत होते.

५/ उपायाची पायाभरणी हळूहळू झाली. १९७९ मध्ये युनिक्समध्ये ‘सीएचरूट’ आले : प्रोग्रामला ठरावीक फोल्डरच संपूर्ण जग भासू लागले. २००० मध्ये फ्रीबीएसडीच्या ‘जेल’ने भिंती पक्क्या केल्या. २००८ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आरंभलेले ‘सीग्रुप्स’ लिनक्समध्ये दाखल झाले आणि प्रत्येक कप्प्याला किती मेमरी, किती प्रोसेसर, हे ठरवता येऊ लागले.

६/ मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी कॅलिफोर्नियातील पायकॉन परिषदेत डॉकर दाखवले. आता सगळी मांडणी एका मजकुराच्या फाइलीत लिहिता येऊ लागली. पुढे ‘फिग’ या साधनातून डॉकर कंपोज घडले : वेबसर्व्हर, डेटाबेस, कॅश एकाच आज्ञेने उभे, एकाच आज्ञेने मोडीत. चुकले तर पुसून पुन्हा उभारायचे. धरणाला न लाभलेली दुसरी दरी संगणकाला लाभली.

७/ पण मर्यादा आहेत. कंटेनर यजमान यंत्राचेच कर्नेल वापरतो. मॅक वा विंडोजवर त्यासाठी आत लिनक्सचे आभासी यंत्र चालते. डेटा बाहेरच्या व्हॉल्यूममध्ये न ठेवल्यास कंटेनरबरोबर तोही जातो. इमेजची नेमकी आवृत्ती न लिहिता ‘लेटेस्ट’ लिहिले, की आज चालणारे उद्या बिघडू शकते.

८/ सर्वांत मोठी उणीव भाराची. लॅपटॉपवरील शंभर नोंदींत लाखो नोंदींचा दाब कळत नाही. त्यामुळे मांडणी तंतोतंत असली तरी पुराची तालीम स्वतंत्रपणे करावी लागते आणि तीही काम पुरे झाल्यावर, लोकांपुढे जाण्याआधी.

९/ पानशेत पुन्हा बांधले गेले. तानाजीसागर या नावाने ते आज पुण्याची तहान भागवते. १९६१ मध्ये मात्र त्याची पहिली परीक्षा भर पावसाळ्यात झाली, आणि तिची किंमत खाली वसलेल्या शहराने मोजली.