जेलच्या पुडीची कुळकथा

जयगडच्या खाडीकाठी खोबरेलाची बाटली नाही असं घर सापडायचं नाही. केसांना, पायांच्या भेगांना, भाजल्या-कापल्यावर, सगळ्याला तेच. दोन पुरुषांच्या एकांतातही हात आधी तिच्याकडेच जातो. घात होतो तो इथेच. कंडोमचं लॅटेक्स हे रबर. ते तेल शोषून फुगतं आणि कमजोर होतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खनिज तेल लागल्यावर अवघ्या साठ सेकंदांत कंडोमची ताकद नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली. व्हॅसलीनला, बेबी ऑइलला आणि खोबरेलालाही म्हणूनच मनाई. तेलाऐवजी हवं ते पाण्यात विरघळणारं जेल. ही साधी पुडी आपल्याकडे यायला फार वर्षं लागली.

तिचं मूळ शृंगारात नाही, शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. अमेरिकेत १९०४ साली 'के-वाय जेली' निघाली ती डॉक्टरांसाठी, उपकरणं शरीरात सहज सरकावीत म्हणून. कंडोम आपल्याकडे आला तोही वेगळ्याच कामाला. दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्व्यांचे रघुनाथराव यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा प्रश्न होता बाळंतपणांनी खंगणाऱ्या बायकांचा. पण १९२७ पासून चालवलेल्या त्यांच्या 'समाजस्वास्थ्य'मध्ये वाचक समलिंगी संबंधांबद्दलही विचारत आणि रघुनाथराव सरळ उत्तरं देत. त्याच उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. मूळ गाव मंडणगडातलं आंबडवे, म्हणजे वकील आणि अशील दोघेही रत्नागिरी जिल्ह्याचेच. खटला ते हरले. 

१९६८ साली सरकारने 'निरोध' बाजारात आणला, पंधरा पैशांना तीन. चहा, साबण, सिगारेट विकणाऱ्या कंपन्यांनी तो खेड्यापाड्यांतल्या दुकानांत पोचवला. त्याची जाहिरात कुटुंबनियोजनाची: लाल त्रिकोण, आई-बाप, दोन मुलं. ज्यांच्या संबंधातून मूल होणारच नाही त्यांनी तो का घ्यावा, हे कोणी सांगितलं नाही; सांगायचं कारणही तेव्हा नव्हतं.

कारण आलं ते १९८१ नंतर. न्यूयॉर्कमध्ये धडधाकट समलिंगी तरुण एड्सने पटापट मरू लागले. अजून विषाणूचा पत्ताही नीट लागला नव्हता, तेव्हा १९८३ च्या मे महिन्यात रिचर्ड बर्कोविट्झ आणि मायकेल कॅलन या दोन रुग्णांनी डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली चाळीसेक पानांची पुस्तिका काढली. संबंध सोडा असं त्यांनी म्हटलं नाही; कंडोम वापरा म्हटलं. सुरक्षित संबंधांची आजची रीत या पुस्तिकेच्या कुळातली. डॉक्टरांच्या परिषदेआधी ती रुग्णांनी मांडली, हे विसरू नये.

गुदमैथुनात धोका जास्त का, तर आतलं अस्तर नाजूक आणि तिथे नैसर्गिक ओलावा नसतो. कोरड्या घर्षणाने सूक्ष्म जखमा होतात, कंडोमही फाटतो. म्हणजे जेल ही चैन नव्हे, कंडोमचाच दुसरा अर्धा भाग.

मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ मध्ये 'हमसफर ट्रस्ट' उभा राहिला. कार्यकर्ते स्टेशनांवर, बागांत, मुताऱ्यांपाशी कंडोम वाटत. वर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची टांगती तलवार. २००१ साली लखनौत अशाच कामातल्या चौघांना अटक होऊन दीड महिना तुरुंगात काढावा लागला. त्याच साली ३७७ विरुद्धची 'नाझ' या संस्थेची याचिका दाखल झाली. त्या कलमातून समलिंगी संबंध सुटायला मात्र २०१८ उजाडलं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ नंतर, पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांच्या प्रकल्पांत कंडोमसोबत जेल द्यावं असं ठरलं. 'निरोध'नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी! २०१७ च्या सरकारी पाहणीत या गटात एचआयव्हीचं प्रमाण २.६९ टक्के होतं, देशातल्या एकूण प्रौढांत ०.२२ टक्के.

जयगडसारख्या गावात अडचण वेगळी. मेडिकलवाला बापाला ओळखतो. कंडोम मागितला तर लग्न झालंय का एवढंच विचारेल. जेल मागितलं तर कशाला, हा पुढचा प्रश्न. त्यापेक्षा खोबरेल बरं, असं पोरं ठरवतात. रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय पन्नासेक किलोमीटरवर आहे. तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. फोनवर विचारायचं तर १०९७. कंडोम फाटलाच तर संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ७२ तासांच्या आत, जमतील तेवढ्या लवकर सुरू कराव्या लागतात, आणि पुढे २८ दिवस घ्याव्या लागतात. सोमवारी बघू म्हणून बसायचं नाही, पहिल्या एसटीने निघायचं.