मामाची पेटी

परवा गावी गेलो होतो. मामा जाऊन वर्ष झालं, म्हणून मामीने घरातलं जुनं सामान आवरायला काढलं होतं. पडवीत एक लोखंडी पेटी होती. मामाच्या ट्रकच्या बॉडीखाली, डिझेलच्या टाकीमागे कुलूप लावून असायची तीच. मामी म्हणाली, "बघ बाबा, यातलं काय कामाचं असेल ते घे, बाकीचं भंगारवाल्याला देते." दुपारभर ती पेटी उपसत बसलो.

मामा तीसेक वर्षं कोल्हापूरचा गूळ मुंबईला वाहायचा. दहावीच्या सुट्टीत मी एक खेप त्याच्याबरोबर केली होती, त्यामुळे पेटीतल्या बऱ्याच वस्तूंशी ओळख होती. पण एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती, ती आता कळली. पान्यांचे दोन वेगळे जुडगे होते. एकावर १४-१५, १६-१७, १८-१९ असे आकडे, तर दुसऱ्यावर इंचाचे अपूर्णांक.

या दोन जुडग्यांत आपल्या ट्रकचा अर्धा इतिहास आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या रस्त्यांवर धावणारे ट्रक एकतर इंग्रजी नाहीतर अमेरिकन. बेडफोर्ड, शेवरोले, डॉज, फार्गो. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना १९२८ पासून मुंबईत शिवडीला होता. कुर्ल्याला प्रीमियरवाले डॉज आणि फार्गो बनवत. हा सगळा इंचांचा कारभार. त्यातही इंग्रजी आट्यांचे पाने वेगळे आणि अमेरिकन वेगळे. मिस्त्री लोक तो हिशोब सुतात करायचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच. मग १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली आणि मिलिमीटर आले. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, म्हणजे पाने कायद्याच्या आधी बदलले! तो करार १९६९ साली संपला, पण पाने राहिले. मामाने धंद्याला सुरुवात केली ती एका जुन्या फार्गोवर किन्नर म्हणून (क्लीनर हा शब्द आमच्याकडे कोणी तसा म्हणत नाही), म्हणून इंचाचा जुडगा. पुढे टाटाची गाडी आली. जुना जुडगा टाकायचं त्याच्या जिवावर आलं असणार.

पेटीत आणखी काय काय होतं? पक्कड, छिन्नी, दोन हातोडे, बाइंडिंगच्या तारेचं भेंडोळं, फॅनबेल्ट, डिझेलच्या पाइपांचे तांब्याचे वायसर एका तंबाखूच्या डबीत, सेंटर बोल्ट, यू बोल्ट, आणि कागदात गुंडाळलेली कपड्याच्या साबणाची अर्धी वडी. साबण हात धुवायला नव्हे. डिझेलची टाकी दगड लागून पाझरायला लागली की त्या जागी कोरडा साबण दाबून घासायचा. साबण पाण्यात विरघळतो, डिझेलमध्ये नाही, त्यामुळे पुढचं गाव येईपर्यंत तो टिकतो. रेडिएटर गळायला लागला तर त्यात हळद टाकत. ती मात्र पेटीत नसे, स्वयंपाकाच्या डब्यातली चाले.

डिझेलमध्ये हवा शिरून गाडी बंद पडणं हे तर नेहमीचंच. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मला ते त्या खेपेत करायला मिळालं, आणि गाडी सुरू झाल्यावर मी स्वतःला मोठा मिस्त्री समजलो होतो. असो.

पाटे आणि यू बोल्ट इतके का लागायचे, याचं उत्तर रस्त्यात थोडं आणि मालात जास्त. दोन आसांच्या ट्रकला एकूण १६.२ टनांची मर्यादा होती, पण ती पाळतो कोण? दंड भरून जादा माल तसाच पुढे नेता यायचा. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं, जादा माल उतरवलाच पाहिजे म्हणून. (२०१८ साली मर्यादाच १८.५ टन झाली.) जादा भाडं मालकाच्या खिशात जायचं आणि घाटात तुटलेला पाटा रात्री दोन वाजता ड्रायव्हर-किन्नरने बदलायचा, अशी ही वाटणी होती. मामा स्वतः मालक झाल्यावर त्यानेही जादा माल भरलाच, हेही सांगायला हवं.

पेटीच्या तळाशी टॉमी होती. हातभर लांब, जाड, एका टोकाला वाकलेली. तिची गोष्ट मामीने सांगितली, मामाने कधीच सांगितली नव्हती. तेव्हाच्या ट्रकच्या चाकाला डिस्क आणि वर एक लोखंडी रिंग असे. पंक्चर काढून टायर चढवला की ती रिंग खाचेत बसवायची आणि गाडीच्याच टाकीतून पाइप लावून हवा भरायची. रिंग नीट बसली नसेल तर हवेच्या दाबाने ती सुटते, आणि समोर जो असेल त्याला लागते. खंबाटकीच्या पायथ्याला एका रात्री मामाच्या किन्नराच्या जबड्यावर ती बसली. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. वाचला, पण तोंड कायमचं वाकडं झालं. मामाने "चल, लवकर आटप" म्हणून घाई केली होती. त्यानंतर डिस्कच्या भोकांतून टॉमी आडवी घातल्याशिवाय मामाने कधी हवा भरू दिली नाही. त्या पोराच्या घरी तो वर्षातून एकदा गुळाची ढेप घेऊन जायचा. मामी म्हणाली, "मला वाटायचं, नातेवाईक असतील कोणी."

आता बऱ्याच गाड्यांना ट्यूबलेस रेडियल टायर आहेत, त्यांना ती रिंगच नसते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ आलं. इंजिनाचं डिझेल आता संगणक मोजून देतो. बिघाड झाला की लाल दिवा लागतो, कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. युरियाची टाकी रिकामी झाली तरी गाडी अडते. चौदाचा पाना हातात घेऊन तिथे काय करणार? गावातल्या एका ड्रायव्हरला मी विचारलं, पेटीत काय ठेवतोस. "जॅक, व्हील पाना आणि चार्जर," म्हणाला. किन्नर त्याच्याकडे नाही, परवडत नाही. मला त्यात फार वाईट वाटलं नाही. रात्री रस्त्याच्या कडेला, मागच्या गाड्यांसाठी झाडाची फांदी आणि चार दगड लावून गाडीखाली झोपून काम करण्यात कोणाचं भलं होतं? वाईट वाटतं ते किन्नराचं. ड्रायव्हर होण्याची शाळा तीच होती. मामा तिथेच शिकला, आणि तो पोरगाही शिकतच होता.

संध्याकाळी भंगारवाला आला. दोन्ही जुडगे, हातोडे, यू बोल्ट सगळं एकाच भावाने तोलून घेऊन गेला. तांब्याचे वायसर त्याने वेगळे काढले, त्यांना भाव जास्त. टॉमी मामीने दिली नाही. गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लागते म्हणाली.