समुद्रतळाची तार आणि गाडीतले अडलेले आसन

जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर कानोता हे गाव लागते. समजा, तेथे थांबलेल्या एका गाडीत चालकाचे विजेवर सरकणारे आसन मागच्या टोकालाच अडकले आणि कमी उंचीच्या चालकाचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचेना. आसनाखाली मल्टिमीटर लावला जातो, 12 व्होल्ट दिसतात आणि निदान होते : ‘करंट येतो आहे, म्हणजे मोटर गेली.’ नवी मोटर बसते. आसन मात्र हलत नाही. ही चूक का होते, याचे उत्तर दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर सापडते.

1858 च्या ऑगस्टमध्ये अटलांटिकखालून पहिली तार कार्यान्वित झाली आणि काही आठवड्यांतच मुकी झाली. बिघाड ओळखण्याऐवजी तिच्यावर सुमारे 2000 व्होल्टचा मारा करण्यात आला होता. पाठोपाठ ब्रिटनला हिंदुस्थानशी जोडण्यासाठी सुएझ-एडन-कराची मार्गावर टाकलेली तारही 1860 मध्ये निकामी ठरली. सरकारने लाभांशाची हमी दिलेली असल्यामुळे या तोट्याचा भार सार्वजनिक तिजोरीवर पडला. चौकशीतून एक गोष्ट स्पष्ट झाली : तारेला अंदाज चालत नाही, मोजमाप लागते.

मोजमापाचा पाया तयार होता. जॉर्ज ओम यांनी 1827 मध्ये विभवांतर, विद्युतधारा आणि रोध यांचा संबंध मांडला होता. सॅम्युएल ख्रिस्टी यांनी 1833 मध्ये कल्पिलेला रोध मोजणारा सेतू चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1843 मध्ये प्रसिद्धीस आणला. उणीव होती ती सर्वमान्य एककाची. विल्यम थॉमसन यांच्या आग्रहावरून ब्रिटिश असोसिएशनने 1861 मध्ये त्यासाठी समिती नेमली. पुढे मॅक्सवेलही तिच्या कामात सहभागी झाले. 1881 च्या पॅरिस परिषदेत ‘ओम’ला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

याचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. तारेचा रोध मैलाला 5 ओम असेल आणि किनाऱ्यावरून 500 ओम मोजले गेले, तर दोष साधारण 100 मैलांवर आहे. न पाहिलेल्या जागेचा पत्ता गणिताने लागू लागला. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन तार टाकली, तेव्हा अशी विद्युत चाचणी हा कामाचाच भाग झाला होता. त्याच वर्षी मुंबई समुद्रमार्गे ब्रिटनशी जोडली गेली.

तारायंत्राच्या या परंपरेतूनच मिस्त्रीच्या हातातले उपकरण आले. वेगवेगळी मापके वागवण्याला कंटाळलेले ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांनी अँपियर, व्होल्ट आणि ओम मोजणारे एकच यंत्र कल्पिले. 1923 मध्ये ते ‘अ‍ॅव्होमीटर’ या नावाने बाजारात आले.

आता पुन्हा आसनाकडे वळू. मोटरचा जोड सोडून मोकळ्या टोकांवर मीटर लावला, तर परिपथातून नगण्य धारा वाहते. त्यामुळे गंजलेल्या जोडावर विभवांतर जवळजवळ पडत नाही आणि 12 व्होल्ट दिसतात. मोटर जोडून बटण दाबताच चित्र पालटते. गंजलेल्या जोडाचा रोध 0.5 ओम आणि धारा 6 अँपियर असेल, तर 3 व्होल्ट त्या जोडावरच खर्ची पडतात. मोटरपर्यंत 9 व्होल्टच पोहोचतात आणि जोडावर 18 वॅट उष्णता निर्माण होते. म्हणून मोजमाप भार चालू असतानाच करावे : बॅटरीपासून मोटरपर्यंत आणि मोटरपासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत, टप्प्याटप्प्याने.

मीटरपूर्वीही काही खुणा बोलतात. आसनाच्या सर्वच हालचाली बंद असतील, तर संशय फ्यूज किंवा सामाईक अर्थिंगवर जातो. एकाच दिशेची हालचाल बंद असेल, तर बटणाच्या संपर्कांवर. बटण दाबताच आतला दिवा किंचित मंदावला, पण आसन हलले नाही, तर मोटर धारा घेते आहे. अडथळा बहुधा रुळात किंवा दंतचक्रात आहे. महागड्या गाड्यांत नियंत्रक संगणक दोषाचा संकेतांकही दाखवतो. मात्र ‘परिपथ खंडित’ एवढेच तो सांगतो; कोणता जोड सुटला, हे शोधावेच लागते.

एक सावधगिरी अनिवार्य आहे. आसनाखालचे पिवळे जोड बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर लावू नये. कोणताही जोड सोडण्यापूर्वी बॅटरी विलग करून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबावे.

1858 मध्ये तारेवर ओतलेले 2000 व्होल्ट आणि आज विनाकारण बदललेली मोटर, या दोन्हींत चूक एकच आहे : परिपथाला विचारण्याआधीच उत्तर ठरवणे.