तबकडीची साक्ष : जुन्या मनगटी घड्याळांची पारख

भारताच्या कालमापनाच्या इतिहासात मद्रास शहराला, म्हणजे आजच्या चेन्नईला, मानाचे स्थान आहे. नुंगमबाक्कम येथे १७९२ साली कंपनी सरकारची वेधशाळा उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातील पुष्कळ रेल्वेगाड्या तिच्याच वेळेवर, म्हणजे 'मद्रास वेळे'वर, धावत. ही वेळ आजच्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे ९ मिनिटांनी मागे होती. १९०६ साली प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईत मात्र ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ त्यानंतरही जवळजवळ अर्धशतक वापरात राहिली.

वेळेचे महत्त्व वाढले, तसा घड्याळांचा व्यापारही वाढला. पीटर ऑर या घड्याळजीच्या नावाने चालणाऱ्या 'पी. ऑर अँड सन्स' या पेढीची इमारत माउंट रोडवर, म्हणजे आजच्या अण्णा सालै या रस्त्यावर, १८७९ साली उभी राहिली. तिचा आराखडा रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाचा. या पेढीचे नाव तबकडीवर मिरवणारी जुनी घड्याळे आजही संग्राहकांच्या हाती येतात, आणि नवख्या संग्राहकाची पहिली परीक्षा येथेच होते. तबकडीवरील नाव घड्याळ घडविणाऱ्याचेच असते असे नाही. पुष्कळदा ते विकणाऱ्याचे असते. त्या काळी परदेशी कारखान्यांकडून घड्याळे मागवून नामांकित पेढ्या त्यांवर आपले नाव घालून घेत. तेव्हा ऑरचे नाव हे घड्याळ कोठे विकले गेले एवढेच सांगते. ते कोणी घडवले, हे जाणण्यासाठी मागचे झाकण उघडावे लागते.

झाकणाच्या आत घड्याळाचे यंत्र असते. त्याच्या पट्टीवर, कित्येकदा डोलणाऱ्या चाकाच्या खाली, कारखान्याची खूण व यंत्राचा क्रमांक कोरलेला आढळतो. झाकणाच्या आतील बाजूस धातूचे छाप व अनुक्रमांक असतात. या प्रत्येक खुणेवरून काळाचा अदमास बांधता येतो. पट्टा अडकवण्यासाठी तारेचे पक्के जोडलेले कान असले, तर ते घड्याळ बहुधा पहिल्या महायुद्धाच्या आसपासचे. त्या युद्धातच सैनिकांनी खिशातले घड्याळ मनगटावर आणले. 'इन्काब्लॉक' ही धक्के सोसण्याची योजना १९३०-४० या दशकातील. ती यंत्रात दिसत असूनही घड्याळ १९२० सालचे म्हणून पुढे केले जात असेल, तर यंत्र बदललेले असावे किंवा सांगितलेला काळ चुकीचा असावा.

अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचीही अशीच साक्ष मिळते. पूर्वी या रंगात रेडियम असे. १९६० नंतर त्याची जागा ट्रिटियमने घेतली, आणि तबकडीच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोहो बाजूंस 'टी' हे अक्षर येऊ लागले. असे अक्षर असलेली तबकडी १९४५ च्या घड्याळाची मूळ तबकडी असू शकत नाही. रेडियमच्या रंगाची चमक आता विझलेली असली, तरी त्याचा किरणोत्सर्ग शेकडो वर्षे टिकतो. म्हणून अशी तबकडी नवख्याने कधीही खरवडू नये.

तात्पर्य, पारख म्हणजे केस, यंत्र, तबकडी, काटे व चावी या साऱ्यांच्या साक्षी एकमेकींशी जुळतात की नाही हे पाहणे. या साक्षीदारांपैकी सर्वांत सहज बदलता येते ती तबकडी, आणि ग्राहकाची नजर आधी जाते तीही तबकडीवरच. जुन्या तबकडीवरचा रंग उतरवून ती नव्याने रंगवण्याचा उद्योग आपल्या देशात इतका फोफावला, की पाश्चात्त्य संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असे उपहासाचे नाव दिले. एच. एम. टी. चे उदाहरण बोलके आहे. या सरकारी कंपनीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे घड्याळे बनविण्यास आरंभ केला. तिचे चावीचे 'जनता' घराघरांत पोहोचले. २०१६ साली सरकारने ही घड्याळे बनविणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला, आणि जुन्या 'जनता'ला संग्राहकांची मागणी आली. त्याबरोबर कारखान्याने कधीच न काढलेल्या भडक रंगांच्या 'जनता'ही बाजारात आल्या.

येथे एक न्याय मात्र पाळला पाहिजे. तबकडी रंगवणारा प्रत्येक कारागीर लबाड नव्हता. वडिलांचे घड्याळ मुलाच्या मनगटावर जाताना ते नव्यासारखे दिसावे, ही ग्राहकाचीच इच्छा असे, आणि कारागीर ती प्रामाणिकपणे पुरी करी. दोष दुरुस्तीचा नव्हे. दुरुस्त केलेली वस्तू मूळची म्हणून विकण्याचा आहे. परंतु हेतू कोणताही असो, मूळ रंग एकदा धुतला गेला की तो परत येत नाही. त्याबरोबर कारखान्याचा व विक्रेत्याचा एक दस्तऐवजही नष्ट होतो.

मूल्य ठरवताना याच विचाराचा उपयोग होतो. डाग पडलेली परंतु मूळची तबकडी ही चकचकीत नव्या तबकडीहून सामान्यतः अधिक मोलाची. सोन्याच्या केसला निदान धातूची किंमत असते; सोन्याच्या मुलाम्याला तीही नसते. घड्याळ पुष्कळ जुने असले म्हणून ते दुर्मीळ ठरत नाही. विक्रेत्याने मागितलेली किंमत हे प्रमाण नव्हे. तशाच घड्याळाला लिलावात प्रत्यक्ष मिळालेली किंमत हे प्रमाण होय, आणि तीतूनही यंत्र उघडून साफ करण्याचा, तेल घालण्याचा खर्च वजा करावा लागतो. झाकण उघडून दाखवण्यास जो विक्रेता तयार नसेल, त्याच्याकडून नवख्याने काही घेऊ नये.

मद्रास वेळ आज कोठेही चालत नाही; वेधशाळेचे ते दिवसही सरले. त्या काळाची थोडीफार साक्ष आता अशा लहान यंत्रांतच उरली आहे. घड्याळ आज अचूक वेळ दाखवते की नाही, हे घड्याळजी पाहील. ते आपल्या काळाविषयी खरे बोलते की नाही, हे पाहणे संग्राहकाचे काम आहे.