बारमाही सर्दी आणि पेंग आणणाऱ्या सिरपची गोष्ट

सकाळी उठल्याउठल्या दहा-बारा शिंका, चोळून चोळून नाकावर उमटलेली आडवी रेघ, रात्री तोंड उघडं टाकून झोपणं. जळगाव-धुळ्याकडचे पालक अशा मुलांना घेऊन येतात तेव्हा म्हणतात, "डॉक्टर, याची सर्दी बाराही महिने जातच नाही." उन्हाळ्यात धूळ आणि जुन्या गवताचा कूलर, पावसाळ्यात ओल, बुरशी आणि गाद्यांमधले डोळ्यांना न दिसणारे माइट्स. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "सिरप दिलं की बरं वाटतं, पण शाळेत पेंगतो."

ही पेंग औषधाइतकीच जुनी आहे. अ‍ॅलर्जीत नाकातल्या पेशी हिस्टामिन सोडतात, त्यानेच खाज, शिंका आणि पाणी. ते रोखणारं पहिलं रसायन १९३७ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये डॅनियल बोव्हे आणि अ‍ॅन-मारी स्टॉब यांना सापडलं, पण ते माणसाला देण्याजोगं नव्हतं, फार विषारी होतं. माणसांसाठीचं औषध १९४२ मध्ये आलं आणि १९४६ मध्ये अमेरिकेत डायफेनहायड्रामिन. ही जुनी औषधं मेंदूत शिरतात, म्हणून झोप येते.

मुलांना ती कित्येक वर्षं मोठ्यांच्या डोसचा अंदाज बांधून दिली गेली. हॅरी शर्की या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६० च्या दशकात मुलांना औषधांच्या जगातले 'अनाथ' म्हटलं. मला तो शब्द कठोर वाटत नाही.

झोप न आणणारं टरफेनाडिन १९८५ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा सगळे खूश झाले. नंतर कळलं, की काही अँटिबायोटिक आणि बुरशीच्या औषधांसोबत घेतलं तर त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडतात. १९९७-९८ च्या सुमारास ते तिथल्या बाजारातून गेलं. 'नवीन' आणि 'सुरक्षित' हे दोन वेगळे शब्द आहेत.

बारमाही अ‍ॅलर्जीत औषध तपासणं अवघडच. आजार आपोआप कमी-जास्त होतो. औषध सुरू केल्यावर मूल सुधारलं, तर श्रेय कुणाचं, औषधाचं की ऋतूचं? म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे दोन गट पाडतात. एकाला खरं औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं ते ना पालकांना माहीत, ना डॉक्टरांना. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६ ते १२ वर्षांच्या ३०६ मुलांना चार आठवडे लेव्होसेटिरिझिन किंवा नकली गोळी दिली. शिंकांबरोबर मुलांचं रोजचं जगणं कसं आहे, हेही विचारलं. औषधाचा गट पुढे राहिला.

त्याआधी युरोपच्या पुढाकाराने झालेल्या ईटीएसी चाचणीत, एक्झिमा असलेल्या एक ते दोन वर्षांच्या आठशेच्या आसपास बाळांना १८ महिने सेटिरिझिन किंवा नकली औषध दिलं होतं. पुढचा दमा टळतो का, हा प्रश्न होता. सरसकट उत्तर 'नाही' असं आलं. काही ठरावीक अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांतच फरक दिसला. पण इतक्या लहान वयात इतका काळ दिलेलं औषध सोसलं गेलं, हे मात्र कळलं. (नाक चोंदण्यावर या गोळ्यांचा उपयोग कमीच, तिथे नाकातला स्टेरॉइड स्प्रे सरस.)

आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना लेबलवर छापायला सांगितलं. सर्दीच्या कित्येक सिरपमध्ये हीच जोडी असते. म्हणून मी पालकांना घरातली अर्धी राहिलेली बाटली सोबत आणायला सांगतो. ब्रँडचं मोठं नाव नको, मागच्या बाजूची बारीक अक्षरं आपण दोघं मिळून वाचू.