क्लच मास्टर सिलिंडर (मोटारसायकलचे एंजिन बसवलेल्या गाडीसाठी)

पायाच्या दाबाचे तेलाच्या दाबात रूपांतर करून क्लच सोडवणारा, पेडलला जोडलेला सिलिंडर. भिवंडीसारख्या मालवाहतुकीच्या शहरात मेकॅनिक त्याला ‘अप्पर’ आणि तो दाब घेऊन क्लच ढकलणाऱ्या, एंजिनावरच्या स्लेव्ह सिलिंडरला ‘लोअर’ म्हणतात. टेम्पो-ट्रकचे अप्पर तिथे सहज मिळतात. मात्र घरी जुळवलेल्या हलक्या गाडीत मोटारसायकलचे एंजिन असेल, तर मिळेल तो अप्पर बसवणे घातक ठरते. निवड तेलाच्या घनफळावरून करावी.

अशा गाड्यांची परंपरा प्रामुख्याने इंग्लंडमधली. १९५७ च्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरच्या सांगाड्यात पुढे सुझुकी हायाबुसासारखी एंजिने बसू लागली. महाराष्ट्रात वाळूजला बनणारी बजाज क्यूट ही २१६ सीसी एंजिनाची चारचाकी याच कुळाच्या जवळची. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत तर केटीएम ३९० चे ३७३ सीसी एंजिन अनेक संघ वापरतात. ते बजाजच्या चाकण कारखान्यातून येते.

मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा असतो. प्लेटा सुटायला प्रेशर प्लेट जेमतेम एक-दोन मिलिमीटर सरकावी लागते. कंपनीने ही यंत्रणा हाताच्या लिव्हरसाठी आखलेली असते. पायाची ताकद हाताच्या कितीतरी पट, त्यात पेडलचा तरफेचा फायदा साधारण ४ ते ६ पट. त्यामुळे इथे जोर कमी पडण्याची भीती नसते, तो जास्त होण्याची असते.

हिशेब सोपा आहे. मूळ लिव्हरच्या सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) १४ मिमी आणि दट्ट्याची चाल १२ मिमी धरली, तर प्रत्येक दाबाला सुमारे १८५० घन मिमी, म्हणजे दोन घन सेंटिमीटरपेक्षाही कमी तेल पुढे जाते. तेवढेच तेल ढकलायला ५/८ इंच बोअरच्या (१५.९ मिमी) सिलिंडरचा दट्ट्या ९.३ मिमी सरकावा लागतो. बोअर ३/४ इंच (१९ मिमी) असेल तर ६.५ मिमी पुरतात. पेडलचे प्रमाण ५:१ धरल्यास पायाची चाल पहिल्यात ४७ मिमी, दुसऱ्यात ३२ मिमी. क्लच पकडण्याचा टप्पा आधीच अरुंद, त्यात चालही आखूड झाली की गाडी झटके देत सुटते. म्हणून ५/८ इंचाचा सिलिंडर निवडणे केव्हाही बरे. मूळ सिलिंडरचे आकडे वेगळे असतील तर हाच हिशेब त्यांवर करावा. बोअरचा आकडा बहुधा सिलिंडरच्या अंगावरच उठवलेला असतो.

बोअर बरोबर निवडला तरी पेडलला अडणी हवीच. ३/४ इंचाच्या सिलिंडरचा दट्ट्या ३० मिमी सरकू दिला, तर साडेआठ घन सेंटिमीटर तेल पुढे जाते, म्हणजे गरजेच्या साडेचारपट. अशा वेळी स्लेव्हचा दट्ट्या जागेवरून बाहेर येतो, सील फाटते किंवा क्लचच्या स्प्रिंगा पूर्ण आवळून बसतात. क्लच स्वच्छ सुटतो तिथून किंचित पुढे पेडल अडेल असा बोल्ट लावून चेकनटने घट्ट करावा.

पुशरॉड आणि दट्ट्यात साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवावी. ती तपासायला सिलिंडरच्या तेलाच्या टाकीचे झाकण काढून पेडल हलकेच दाबावे. सुरुवातीलाच तेलाच्या पृष्ठभागावर बारीक उसळी दिसली, तर टाकी आणि सिलिंडर यांना जोडणारे भरपाईचे छिद्र उघडे आहे. उसळी आली नाही तर रॉड लांब आहे. मग एंजिन तापल्यावर फुगलेले तेल टाकीत परतत नाही, क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. ड्रम ब्रेकच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. त्यानेही हेच होते, म्हणून तो क्लचला वापरू नये.

तेलात गफलत करू नये. जपानी मोटारसायकलींच्या हायड्रॉलिक क्लचला सहसा डॉट ४ ब्रेक तेल लागते. काही युरोपीय क्लच मात्र खनिज तेलावर चालतात. डॉट तेलासाठी बनवलेली सीले खनिज तेलात फुगतात. जोडणीचे आटेही पाहावेत: जपानी मोटारसायकलींचे बँजो बोल्ट बहुधा १० मिमी, १.२५ पिचचे, तर कारच्या पाइपांना अनेकदा १.० पिच. आटे जबरदस्तीने बसवले की ॲल्युमिनियमचा स्लेव्ह वाया जातो. हवा काढताना मास्टरवरचा बँजो सैल करून तिथलीही हवा काढावी, कारण पाइपाचा सर्वांत उंच भाग अनेकदा तोच असतो.

भारतात अशा घरी जुळवलेल्या गाड्यांची जागा ट्रॅकवरच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीकृत वाहनात मनाजोगे बदल करू देत नाही.

केटीएम ३९० किंवा होंडा सीबीआर ६०० आरआरचे एंजिन असेल तर क्लच मुळातच केबलचा असतो. केबलला सरळ मार्ग मिळत असेल तर तीच ठेवावी. मास्टर सिलिंडर विकत घेण्याची गरजच नाही.