क्लफ, ब्रायन हॉवर्ड

(२१ मार्च १९३५ – २० सप्टेंबर २००४). इंग्लिश फुटबॉलपटू व प्रशिक्षक. जन्म मिडल्झब्रो येथे. गावच्याच क्लबकडून आणि पुढे संडरलंडकडून सेंटर-फॉरवर्ड म्हणून खेळताना लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल. यांतले जवळजवळ सगळे दुसऱ्या श्रेणीतले, असे टीकाकार म्हणत. तरी एवढा वेग फार थोड्यांना साधला. इंग्लंडकडून संधी मिळाली ती १९५९ मधल्या दोनच सामन्यांत.

२६ डिसेंबर १९६२ रोजी संडरलंडच्या रोकर पार्कवर बरी संघाच्या गोलरक्षकाशी त्यांची टक्कर झाली आणि गुडघ्याचे लिगामेंट फाटले. त्या काळी या दुखापतीवर धड इलाज नव्हता. वय अवघे २७. सप्टेंबर १९६४ मध्ये ते परतले, तेही पहिल्या श्रेणीत. पण तीन सामन्यांपलीकडे गुडघा साथ देईना. या तीन सामन्यांतला एकमेव गोल लीड्सविरुद्धचा.

काही काळ संडरलंडची पोरे घडवल्यावर १९६५ मध्ये, तिशीत, त्यांनी चौथ्या श्रेणीतल्या हार्टलपूल्सची सूत्रे घेतली. क्लब इतका कडका, की क्लफनी संघाची बस हाकण्याचा परवाना काढला! सोबतीला आला मिडल्झब्रोचा जुना गोलरक्षक पीटर टेलर. खेळाडू हेरावा टेलरने, त्याला वठणीवर आणावे क्लफनी, अशी ही जोडी. क्लफ एकटे असताना निम्मेच होते, हे पुढे वारंवार दिसले.

१९६७ मध्ये दोघे डर्बी काउंटीत गेले. तिशी उलटलेल्या डेव्ह मकायला कर्णधार केले. १९६९ मध्ये संघ पहिल्या श्रेणीत चढला, १९७२ मध्ये इंग्लंडचा विजेता ठरला. पण क्लफची जीभ संचालकांना झेपेना. खटके उडून दोघांनी ऑक्टोबर १९७३ मध्ये राजीनामे दिले.

मग लीड्स. ज्या संघाला जाहीरपणे शिव्या घातल्या, त्याच संघाचे प्रशिक्षकपद क्लफनी १९७४ मध्ये घेतले, तेही टेलरशिवाय. ४४ दिवसांत हकालपट्टी झाली.

जानेवारी १९७५ मध्ये ते दुसऱ्या श्रेणीत रखडलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे आले. पुढच्या वर्षी टेलरही आला. १९७७ मध्ये संघ वर चढला आणि लगेच पुढच्या हंगामात इंग्लंडचा विजेता झाला. लीगमध्ये सलग ४२ सामने तो हरला नाही. १९७९ मध्ये माल्मोला आणि १९८० मध्ये हॅम्बुर्गला प्रत्येकी १–० असे हरवून युरोपियन कप दोनदा नेला. पहिल्या अंतिम सामन्यातला गोल ट्रेव्हर फ्रान्सिसचा. त्याच्यासाठी मोजलेले दहा लाख पौंड ब्रिटनमध्ये तेव्हा विक्रमी ठरले होते. दुसऱ्यातला गोल जॉन रॉबर्टसनचा. क्लफ येण्याआधी हा गबाळा पोरगा संघाबाहेर पडण्याच्या बेतात होता, आणि क्लफची खरी कमाई तोच. देशातली लीग एकदाच जिंकूनही युरोपियन कप दोनदा जिंकणारा क्लब म्हणजे फॉरेस्ट.

याच रॉबर्टसनला, फॉरेस्ट सोडून डर्बीचा प्रशिक्षक झालेल्या टेलरने १९८३ मध्ये, क्लफना न सांगता, डर्बीला नेले. त्यावरून दोघांत जो अबोला धरला गेला तो १९९० मध्ये टेलरच्या मृत्यूपर्यंत सुटला नाही. इंग्लंडच्या प्रशिक्षकपदासाठी १९७७ मध्ये क्लफची मुलाखत झाली होती. निवड रॉन ग्रीनवुड यांची झाली.

१९८९ व १९९० चे लीग कप हे त्यांचे शेवटचे मोठे यश. दारूने त्यांना पोखरले. १९९३ मध्ये फॉरेस्ट प्रीमियर लीगमधून खाली घसरला आणि क्लफ निवृत्त झाले. नॉटिंगहॅम व डर्बी यांना जोडणारा रस्ता आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.